इंग्लंडमधल्या लॅक्सटन गावात आजही सामायिक रानात शेती होते, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. नॉटिंगहॅमशायरमधल्या या गावची मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड ही तीन मोठी रानं अजून कुंपणाविना कसली जातात. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, असा तीन वर्षांचा फेर. इतरत्र अशी बहुतेक रानं कुंपणं घालून वाटली गेली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती नोव्हेंबरअखेरची पाहणी. गावचे पंच गव्हाचं रान पायी फिरतात. कुणी वाटेत किंवा गवताच्या पट्ट्यात नांगर घातला असेल, तर खुंट्या ठोकून हद्द दाखवतात. डिसेंबरमध्ये गावकोर्टात दंड होतो. गावाच्या १६३५ च्या नकाशात पट्टी न् पट्टी दिसते, तो जरूर पाहा.