खो मोठ्यानं दे

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा लांबलचक मेसेज वाचला, सकाळी चहाबरोबर परत वाचला. शाळेच्या खो-खो संघात सगळ्यात वेगानं तू पळतेस, तरी सर तुला नऊ जणींत घेत नाहीत, बाहेर बसवतात. बाकीच्या मुली तुझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणून आता खो-खो सोडून १०० मीटरला नाव द्यायचं मनात आहे. तिथं आपली पट्टी आणि आपण, कुणाशी संबंध नाही. आणि शेवटी विचारलंयस, "ताई, माझं चुकतंय कुठं?"

तुझ्या व्हिडिओतच दिसतंय. मी तुझे खो मोजले. अकरा दिलेस, त्यातले तीन ऐकू आले. बाकी आठ वेळा तू नुसता हात लावलास, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलीस आणि बसलेली मुलगी उठायला उशीर करते म्हणून तिच्यावरच डोळे वटारलेस. अगं, ती उठणार कशी? तिची तुझ्याकडे पाठ आहे!

खो मोठ्यानं दे आणि वेळेत दे. एवढंच सांगायचंय मला. तरी पत्र लिहायला बसले, कारण एवढ्यानं तुला पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं.

हा खेळ बांधलाय कसा ते एकदा नीट बघ. पळणारीला सगळं मैदान मोकळं. बसलेल्यांच्या मधून ती इकडची तिकडं होते, साखळी घालते, मनात येईल तिथं वळते. पाठलाग करणारीला मात्र मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांच्या रांगेचा पट्टा, ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागं वळायचं नाही. म्हणजे तू कितीही वेगवान असलीस तरी एकटीनं हुशार गडी सापडत नाही, आणि तो सापडू नये अशीच नियमांची रचना आहे. खांबापर्यंत न जाता पलीकडच्या बाजूला जायची एकच वाट, जिची तुझ्याकडे पाठ आहे तिला खो देणं. ती पलीकडं धावते, तू तिच्या जागी बसतेस. आपलं पळणं दुसरीच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. तुला हेच जड जातंय. मला लपवू नकोस, मी ओळखते.

त्यात ती तुला बघत नसते. तुझा राग, तुझी घाई, तुझ्या मनातला डाव, यातलं काही तिला दिसत नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो तुझा आवाज आणि पाठीवरचा हात. नियमात दोन्ही लागतात ते उगाच नाही. आणि उशीर झाला, तुझे पाय ती बसलीय त्या आडव्या पाटीच्या पुढे गेले, की मागं हात करून दिलेला खो फाऊल. पाटी सुटली की सुटली. घरात कुणी अडथळा आणला की आपण म्हणतो, 'कामात खो घातला'. मैदानावर बघ, खो मिळाल्याशिवाय कुणाचं काम सुरूच होत नाही.

आता माझं सांगते. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

मी दहावीत होते. जिल्ह्याचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट, बरोबरीला एक गडी हवा होता. पळणारी माझ्यापुढं दोन हातांवर होती. ती आत शिरणार हे तिच्या खांद्यावरून मला कळलं होतं, खरंच कळलं होतं. चौथ्या जागेवर माझी मैत्रीण पलीकडं तोंड करून बसली होती. खो दिला असता तर पळणारी थेट तिच्या हातात गेली असती. मी दिला नाही. हा गडी मला माझ्या नावावर हवा होता. मी सूर मारला, हातात माती आली. ती आत शिरून पलीकडं निघून गेली आणि शिट्टी वाजली.

हरल्याचं दुःख चार दिवसांत गेलं. राहिलं ते पुढचं. कर्णधारानं विचारलं, "खो का नाही दिलास?" मी म्हणाले, "दिला होता, हीच उठली नाही." मैत्रिणीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. तिनं खेळ का सोडला ते मी कधी विचारलं नाही, आणि तिची माफी मागायला जे दोन शब्द लागतात ते मला अजून सापडलेले नाहीत. मैदानावर अडला तोच आवाज नंतर घशातही अडला, बघ. म्हणून सांगते, मोठ्यानं दे, वेळेत दे.

आज मी मुलींना शिकवते. पहिला महिनाभर पळवत नाही, नुसतं बसवते, उठवते आणि ओरडायला लावते. पालक येऊन विचारतात, "खेळ कधी सुरू होणार?" हाच खेळ आहे! मागच्या वर्षी आमच्याकडची सगळ्यात चपळ मुलगी मी बाहेर बसवली, कारण ती खो दाबून ठेवायची. आम्ही तालुक्यातच हरलो. अजूनही बोल ऐकते. हट्टी म्हणतात, म्हणोत. त्या मुलीला त्या दिवशी खेळवलं असतं तर कदाचित जिंकलो असतो, आणि ती माझ्यासारखी झाली असती. परत वेळ आली तर मी परत तिला बाहेर बसवीन. तुझ्या सरांचा मला म्हणूनच राग येत नाही. त्यांनी तुला कारण सांगायला हवं होतं, एवढं मात्र खरं. त्यांचाही खो ऐकू आला नाही म्हणायचं.

तू लिहिलंयस की तुला प्रियांका इंगळेसारखं व्हायचंय. व्हावंसंच वाटणार! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार होती महाराष्ट्राची ती. तू त्या सामन्यांची रील्स बघतेस. रीलमध्ये खांबावरचा सूर दिसतो. सामना अख्खा बघ, आणि गडी बाद झाला की दहा सेकंद मागं जा. सूर मारणारीच्या आधी किती जणी उठल्या नि किती बसल्या, ते मोज. मग मला सांग.

१०० मीटर पळायचं तर जरूर पळ, पाय आहेत तुझ्याकडे. पण या मुलींपासून सुटका म्हणून जाऊ नकोस. उद्या तुझा वेग बघून रिलेत घेतील, आणि ४ बाय १०० मध्ये पुढची मागं न बघता हात मागं करते, बॅटन देणारीच्या हाकेवर. तिथं काय करशील? पुटपुटशील?

सोमवारी सरांना म्हण, मला आज पळवू नका, बसवा. चौथ्या जागेवर बस आणि डोळे मिट. मागून खो आला की उठायच्या आधी आवाजावरून ओळख, कोण आहे. पाच जणी ओळखता आल्या नाहीत तर समज, त्यांच्याशी तू वर्षभरात बोललीच नाहीस. मग तू दे. जी तुझ्याशी सगळ्यात कमी बोलते तिच्यापासून सुरुवात कर. कुंपणाबाहेर ऐकू गेलं पाहिजे.

आणि संध्याकाळी मला फोन कर. मेसेज नको.

तुझी,
ताई