मॅनेजरच्या ‘बघू’नं मुदत वाढत नाही

नागपूरचा मे तापला की लोक मुलाबाळांना घेऊन शहराबाहेरच्या रिसॉर्टांकडे धावतात, आणि त्यानंतर मला अशी पत्रं येऊ लागतात. हे पत्र एका आईचं आहे. 26 मे 2024, रविवार. सहा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या स्विमिंग पूलच्या तळाशी सापडला. वाचला, पण मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे आजही त्याला झटके येतात, बोलणं अडखळतं. लाइफगार्ड त्या वेळी नाश्त्याच्या काउंटरवर होता, असं तिथल्या वेटरनं सांगितलं. मॅनेजरनं दवाखान्याच्या बिलापोटी 30 हजार दिले, पुढचं ‘बघू’ म्हणाला. बावीस महिने व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चाललं आहे. ताईंचा प्रश्न: तिकिटामागे ‘पाण्यात उतरणे स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलंय, मग केस होते का?

ताई, तिकिटाचं नंतर बघू. आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. तुमची मुदत येत्या 26 मे ला संपते. मॅनेजरशी झालेल्या बोलण्यानं, पाठवलेल्या नोटिशीनं किंवा त्यानं दिलेल्या 30 हजारांनी ती वाढली, असं धरून चालू नका. उशीर माफ करण्याची सोय कलमात आहे, पण कारण पटवावं लागतं. मुलगा आयसीयूत होता ते आठवडे आयोग समजून घेईल. त्यानंतरचे महिने मॅनेजरच्या उत्तराची वाट बघण्यात गेले, हे कसं समजावणार? मला राग येतो तो याचाच. तुमच्या पोराचा हक्क ज्याच्या हातून घ्यायचा, त्याच्याच शब्दावर तुम्ही थांबलात.

तक्रार मुलाच्या नावानं, तुम्ही पालक म्हणून करा. कायद्यात तशी स्पष्ट सोय आहे. यात एक फायदा आहे. रिसॉर्टवाले म्हणणार, ‘आईबाप कुठे होते?’ आईबापाची चूक सहा वर्षांच्या लेकराच्या माथी मारता येत नाही, असं तुमच्या वकिलाला ठामपणे मांडता येईल. तरी तुमच्या दुर्लक्षाचा विचार आयोग करणारच नाही, अशी खात्री मी देत नाही.

तिकिटामागच्या ओळीनं रिसॉर्ट सहज सुटेल असं मला वाटत नाही. कोवळमच्या एका सरकारी पर्यटन महामंडळाच्या हॉटेलात 2006 मध्ये एक पाहुणा पूलमध्ये बुडून गेला. तिथल्या लाइफगार्डला बारमधलंही काम दिलं होतं. राष्ट्रीय आयोगानं भरपाई दिली आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. तुमचा वेटर जे सांगतो, ते याच्या फार जवळचं आहे. पण घटना 2006 ची आणि शेवटचा शब्द 2019 चा, हेही बघा. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलं आहे. तेरा वर्षं एका कुटुंबाला थांबवून ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल मला शरम वाटते. म्हणून तरी आणखी एक दिवस घालवू नका.

खर्चाची भीती नको. जिल्हा आयोगाची फी तुम्ही मोजलेल्या तिकिटाच्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे. तुम्ही नागपुरात राहता, म्हणून तक्रार इथेच करता येते, रिसॉर्टच्या मालकाचं ऑफिस मुंबईत असलं तरी. पोलिसांकडे जायचं की नाही, हे वकिलाला कागद दाखवून ठरवा, पण त्यासाठी ही तक्रार अडवून ठेवू नका.

कागदांत सगळ्यात मोलाचा आहे दवाखान्याचा एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा कागद. बुडून आलेल्या रुग्णाची नोंद मेडिको-लीगल म्हणून होते आणि पोलिसांना कळवलं जातं. कुठे, कसं बुडालं हे त्यात त्याच दिवशी लिहिलेलं असतं. त्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, तिकिटाचे पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद आणि मॅनेजरचे सगळे मेसेज तारखेसकट काढा. सीसीटीव्हीचं फुटेज तेव्हाच मागायला हवं होतं, आता ते उरलं असण्याची आशा कमी.

आणि त्या वेटरला आजच फोन करा. आयोगासमोर पुरावा प्रतिज्ञापत्रावर चालतो, त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर तुमची बाजू पुष्कळ बळकट होईल. रिसॉर्टातली पोरं एका जागी फार दिवस टिकत नाहीत. तो गाव सोडून गेला असेल, तर निदान त्याचा नवा नंबर मिळवा.