दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनच्या एखाद्या बरोमध्ये (शहराच्या स्थानिक प्रशासनाच्या विभागात) साथीच्या रोगांचा माग कसा ठेवला जात असे?

सुरुवात डॉक्टरच्या लेखी सूचनेने होई. घटसर्प, स्कार्लेट फीव्हर (अंगावर लाल पुरळ उठणारा संसर्गजन्य ताप) किंवा विषमज्वराचा रुग्ण आढळल्यास बरोच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने बंधनकारक होते. फुफ्फुसांचा क्षयही १९१२ पासून या यादीत होता. मग सॅनिटरी इन्स्पेक्टर घरी जाऊन दूध कोणाकडून येते, मुले कोणत्या शाळेत जातात, याची चौकशी करी आणि अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करण्यासाठी पाठवले जाई. माझ्या मते खरे मोल या चौकशीचे, कारण वरवर असंबद्ध वाटणारे रुग्ण एकाच गवळ्याचे दूध पीत असल्याचे त्यातूनच उघड होऊ शके. साथरोग रुग्णालये मात्र बरोंकडे नव्हती. ती १९३० पर्यंत मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड हे संपूर्ण लंडनसाठीचे मंडळ आणि त्यानंतर लंडन काउंटी कौन्सिल, म्हणजे सगळ्या लंडनचे स्थानिक प्रशासन, चालवत असे.