कूलरचा पंखा जोरात फिरतो, पण हवा गरमच येते. काय बघावं?

पंखा फिरतोय म्हणजे त्याची मोटर ठीक आहे, घोटाळा पाण्यात आहे. आधी प्लगच काढा. नुसतं बटण बंद करून टपात हात घालू नका. कूलरचा शॉक बसून आपल्या विदर्भात उन्हाळ्यात माणसं दगावतात. मग बाजूची जाळी काढून गवत चाचपा. कोरडं असेल तर पंप बघा. बोअरच्या पाण्याचा क्षार पंपाच्या जाळीत आणि वरच्या नळीच्या भोकांत बसतो. भोकं तारेने मोकळी करा, पंपाची पाती घासून घ्या. पंप नुसताच गुणगुणत असेल तर कमी व्होल्टेजचाही संशय घ्या. पांढरं, कडक झालेलं गवत धुण्यात वेळ घालवू नका, नवीन भरा.

गवत सगळीकडे ओलं आहे आणि तरी गरम? मग खोली बंद असणार. समोरची खिडकी उघडा, हा एसी नाही. दमट हवा बाहेर गेली तरच थंडावा टिकतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत कूलर झकास चालतो, कारण हवा कोरडी असते. मृगाचा पाऊस लागल्यावर विचारत असाल, तर मेकॅनिकला बोलावू नका.