सरावात जमते, सामन्यात का जमत नाही?

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते बहुधा एकच तक्रार घेऊन: सरावात सगळे जमते, सामन्यात मात्र त्यातले काहीच दिसत नाही. अशाच एका ११ वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी येतानाच निदानही आणले होते. "सर, याच्या मनात भीती बसली आहे, तेवढी काढा." मुलाशी एकट्याशी बोललो तेव्हा तो म्हणाला, "पास येतो तेव्हा मी चेंडूकडेच बघतो. मान वर करेपर्यंत कोणीतरी अंगावर आलेला असतो."

मला यात भीतीपेक्षा सरावाची पद्धत अधिक दिसली. शंकूंच्या रांगेतून चेंडू नेणे आणि समोरच्या जोडीदाराशी ठरावीक अंतरावरून पास देणे-घेणे, एवढाच त्याचा रोजचा सराव होता. चेंडू कुठून येणार आणि पुढे कुठे जाणार हे आधीच ठरलेले असल्याने त्याला आजूबाजूला पाहण्याची गरजच पडत नसे. अगदी नवख्या मुलाला असा सराव हवाच. पण हा मुलगा ती पायरी कधीच ओलांडून गेला होता.

त्याच्या प्रशिक्षकांशी बोलून आम्ही पहिला बदल चेंडू घेण्याच्या सरावात केला. पास सुटण्याच्या बेतात असताना मुलाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सवंगड्याने लाल किंवा पिवळे बिब (सरावात अंगावर चढवायचे रंगीत बिनबाह्यांचे जाकीट) उंच धरायचे आणि याने खांद्यावरून मागे पाहून रंग मोठ्याने सांगायचा. लाल असेल तर चेंडू आल्या वाटेने परत द्यायचा. पिवळे असेल तर अंग आधीच अर्धे वळवून, चेंडूपासून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने तो घ्यायचा आणि त्याच स्पर्शात पुढे निघायचे. त्याच्या जोडीला रोंडो सुरू केला, म्हणजे चौघांनी चेंडू फिरवायचा आणि मधल्या दोघांनी तो हिसकावायचा.

सुरुवातीला त्याचा खेळ बिघडला आणि वडील धास्तावले. त्यांना मी शिया आणि मॉर्गन या संशोधकांचा १९७९ सालचा प्रयोग सांगितला. हाताची एकेक हालचाल सलग घोटून मगच पुढची घेणारे सरावात सरस ठरले, परंतु त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने करणाऱ्यांच्या लक्षात त्या नंतर अधिक चांगल्या राहिल्या. तो प्रयोग फुटबॉलवर नव्हता, तरी सरावातल्या सफाईवरून शिकण्याचा अंदाज बांधू नये, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येते.

भीती अजिबात नव्हती, असेही नाही. सामन्यात "पास दे, मार" असा वडिलांचा आवाज आला की मुलगा मैदानाऐवजी त्यांच्याकडे पाहत असे. ओरडणे थांबवून, पास येण्याआधी तो किती वेळा मागे वळून पाहतो तेवढेच मोजायचे आणि घरी गोलांऐवजी त्याबद्दल विचारायचे, असे मी त्यांना सुचवले. मोजण्याचे काम त्यांनी आनंदाने घेतले. गप्प राहणे त्यांना अजूनही जड जाते.