जुन्या पिकअपचे पार्ट नव्या इंजिनाला चालतात का?

प्रश्न : दादा, माझी जुनी बीएस३ (धुराच्या प्रदूषणाचा जुना सरकारी नियम) पिकअप आहे, गूळ घेऊन कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात येतोय. आता सेकंडहँड बीएस६ (नव्या, कडक नियमाची) घेतलीय, सीसी दोन्हीची सारखीच, मग जुने इंजेक्टर, इंजिन ऑइल नव्याला चालतंय का? – एक वाचक, कागल

उत्तर : नाही ओ दादा, इंजेक्टर तर अजिबात नको. सीसी सारखी म्हणजे इंजिन सारखं असं नसतंय. जुन्यात मेकॅनिकल पंप, नोझल साधारण २००-२५० बार प्रेशरला उघडतंय, आणि नव्यात कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरला एकाच पाइपातून जादा दाबानं डिझेल, तिथलं प्रेशर हजार-दीड हजार बारच्या पुढं जातंय आणि डिझेल कधी, किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतोय, त्यामुळं पाणी-कचरा असलेलं डिझेल जुनं इंजिन थोडंफार सोसायचं, नवं सोसत नाही. डिझेल फिल्टर भारीच टाका, इथं पैसे वाचवू नका.

ऑइलचं म्हणाल तर एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं, डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएमवर आलं आणि सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसला. त्यात साठलेली काजळी ६०० डिग्रीच्या आसपास तापली की जळते, पण ऑइलची राख जळत नाही, तिथंच बसते, म्हणून कमी राखेचं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल घाला. गाडी नुसती गावातल्या गावात फिरवू नका, मधनंमधनं हायवेला एका लयीत पळवा, म्हणजे डीपीएफ तापून काजळी जळते. क्लच, बेअरिंग वगैरे पार्ट नंबर जुळला तरच घ्या. आणि कुणी डीपीएफ काढून टाक म्हणालं तर ऐकू नका, ते बेकायदेशीर आहे.