मुलांच्या पुस्तकात लिटररी एजंट नेमकं काय बघतात?

तुम्ही लिहिलंय की सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी बाराशे शब्दांची गोष्ट तयार आहे, शेवटच्या परिच्छेदात बोध आहे, आणि आता पदरचे पैसे खर्चून चित्रं काढून घ्यायची नि मग इंग्रजीतल्या लिटररी एजंटांना, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थांना, पाठवायची असा बेत आहे. चित्रांचं आधी सांगते, कारण पैशांचा मामला आहे: थांबा. चित्रकाराला अजून फोन करू नका.

मी दोन वर्षं एका एजंटसाठी आलेली हस्तलिखितं वाचायचं काम केलं. पहिली चाळणी माझी. त्यातून उरेल ते तिच्या टेबलावर. त्यामुळे हे जे लिहितेय ते चाळणीच्या बाजूने आहे, आणि त्याआधीची बरीच वर्षं मी चाळणीत अडकणाऱ्यांतली होते, हेही सांगून टाकते.

हातात गोष्ट आली की मी पहिल्यांदा एकच बघायचे: यात मोठं माणूस कुठे उभं आहे? ससा हरवतो, ससा रडतो, आजी येते, आजी रस्ता दाखवते, ससा म्हणतो आता मी कधीच हट्ट करणार नाही. आजीला काढून टाकलं तर गोष्ट पुढे सरकत नाही, म्हणजे गोष्ट आजीची झाली. सशाने काय केलं? रडला. मुलांच्या पुस्तकात घोळ मुलाने घालायचा आणि निस्तरायचाही त्यानेच, वेडावाकडा का होईना. कधीकधी मोठं माणूस पात्र म्हणून नसतं, पण निवेदनात लपून बसलेलं असतं. ‘बालपणीचे ते सोनेरी दिवस’ असं वाक्य आलं की मी थांबायचे. सात वर्षांच्या मुलाला आपलं बालपण सोनेरी वगैरे वाटत नाही. त्याला कधी एकदा आठ वर्षांचा होतोय असं झालेलं असतं.

बोधाचं दुखणं हेच. खोटं बोलू नये हे मुलाला गोष्ट सुरू व्हायच्या आधीपासून ठाऊक असतं. खोटं पचलं तर रात्री पोटात कसं होतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या गोष्टीत एक कासव शेवटच्या पानावर चक्क भाषण ठोकत होतं. एजंटचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘कासवाला गप्प बसवता येईल का?’ तेव्हा राग आला होता.

आता बाराशे शब्दांकडे येऊ. चित्रपुस्तक साधारणपणे ३२ पानांचं असतं. मोठा कागद छापून दुमडला की त्याचे आठ किंवा सोळा पानांचे फर्मे पडतात, त्या हिशेबात ३२ चपखल बसतात. त्यातून शीर्षकाचं पान, हक्कांचा मजकूर वगैरे वजा केलं की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. म्हणून आजकाल पाचशे शब्दांच्या आत असलेला मजकूर एजंटला बरा वाटतो. बाराशे दिसले की अशी शंका येते की लेखकाने चित्रांचं कामही शब्दांनाच लावलंय.

उदाहरण देते (वाक्य माझंच, पण अशी शेकड्याने वाचलीत): ‘लाल रेनकोट घातलेली टीना धो धो पावसात खुदुखुदु हसत भल्यामोठ्या डबक्याकडे धावत सुटली.’ रेनकोट, त्याचा रंग, पाऊस, हसू, डबक्याचा आकार, धावणं, सगळं चित्रात दिसणारच आहे. मग उरतं काय? ‘टीनाला डबकं दिसलं.’ हे उजव्या पानावर. पान उलटलं की एकही शब्द नाही, नुसता चिखल उडालेला. त्यापुढे: ‘मी काहीच केलं नाही,’ टीना म्हणाली. इथे मात्र कंसात एक ओळ लिहावी की भिंतभर चिखलाचे हात उमटलेले दिसतात, कारण शब्द एक सांगतात आणि चित्र नेमकं उलट. असली गंमत जमलेली दिसली की माझी एजंट खुर्चीत पुढे सरकायची. बाकी कुठे चित्रकाराला सूचना देत बसू नका.

आणि चित्रकार निवडतो प्रकाशक. तुम्ही स्वतः चित्रं काढत नसाल तर एजंटला फक्त मजकूर हवा असतो. सोबत विकतची चित्रं जोडलीत तर नकाराला आणखी एक कारण मिळतं, कारण आता दोन्ही आवडायला हवीत.

यमकाला बंदी नाही, पण मात्रा चुकल्या की लगेच कानाला खटकतं, आणि यमकातलं पुस्तक दुसऱ्या भाषेत नेणं जिकिरीचं म्हणून परदेशी हक्क विकायला जड जातं. वयोगट स्पष्ट लिहा. ‘५ ते ९५ वयाच्या सर्वांसाठी’ असं लिहिणाऱ्याला दुकानातलं कपाट माहीत नाही असं वाटतं. मोठं काही लिहायचं असेल तर आठ ते बारा वयासाठीची कादंबरी साधारण तीस ते पन्नास हजार शब्दांची असते, आणि नायक वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा ठेवतात. मुलं वरच्या वर्गातल्यांबद्दल वाचतात, खालच्या नाही.

गोष्टीसोबत एजंटला पाठवायचं पत्र एका पानाचं पुरे: गोष्टीत कोणाला काय हवंय, काय आड येतंय, शब्दसंख्या, आणि गेल्या तीन-चार वर्षांतली दोन पुस्तकं ज्यांच्या शेजारी तुमचं शोभेल. ‘माझ्या भाच्यांना फार आवडली’ हे लिहू नका. भाचे तुमचे आहेत, आवडणारच. आणखी दोन-तीन गोष्टी तयार ठेवा. एकीवर मन बसलं की एजंट ‘अजून काय लिहिलंय?’ असं विचारतोच, कारण त्याला पुस्तकाबरोबर लेखकही घ्यायचा असतो. एका वेळी अनेकांना पाठवायला हरकत नसते, तसं पत्रात नमूद करायचं. उत्तराला महिने लागतात, कित्येकदा येतही नाही.

एजंटची कमाई तुमच्या कमाईतून: देशातल्या विक्रीवर बहुधा १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०. वाचायचेच पैसे मागणारा भेटला तर दुसरा शोधा.

आज एवढंच करा. आठ कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, ३२ पानांची वही होईल. पहिली चार पानं सोडा आणि तुमची गोष्ट त्यात पेन्सिलीने उतरवायला लागा. कुठे पान उलटावंसं वाटतं नि कुठे नाही, ते तिथल्या तिथे कळेल. बोधाला तर जागाच उरणार नाही.